कणगी कोणाच्या दारात?



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि नेहमीप्रमाणे आम्ही बायका दोन घटका बसून राहिलो. विषय निघाला रेशनचा. एकीचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून ती दोनदा रिकाम्या पिशवीने परत आली होती. दुसरीच्या सुनेचे आणि नातवाचे नाव अजून कार्डावर चढलेले नव्हते. तिसरी म्हणाली, "तांदूळ मिळतो गं ताई, पण आमच्या म्हाताऱ्याला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. ज्वारी आणायची तर किराणा दुकानातून रोखीनं. मजुरीचे पैसे तिथंच जातात."

भिंतीला टेकून एक आजीबाई बसल्या होत्या. त्या एवढा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोरींनो, कंट्रोल नव्हता तवाबी गावात धान्य व्हतंच की! कणग्या भरलेल्या व्हत्या. पर त्या आपल्या दारात नव्हत्या. आखाड लागला की माझी सासू टोपलं घेऊन वाड्यावर जायची. एक पायली आणली तर सुगीला दीड पायली घालायची. अन् ती बी मालक देईल तवा. दिवसभर अंगणात बसवून ठेवायचा."

आजींचे बोलणे ऐकून सगळ्या चूप झाल्या. मला मात्र रात्रभर तेच आठवत राहिले. धान्य किती पिकते हा एक प्रश्न. पण कणगी कोणाच्या दारात आहे आणि त्यातले धान्य कोणाला द्यायचे हे कोण ठरवतो, हा त्याहून मोठा प्रश्न. आज त्याविषयीच लिहिणार आहे.

भाकरी आणि स्वाभिमान

आपल्या चळवळीने भाकरीचा प्रश्न कधी दयेवर सोडलेला नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची भीक सोडायला सांगितले. नुसते सोडा म्हणून ते थांबले नाहीत. शेती करा, पडीक जमिनी मिळवा, असेही त्यांनी सांगितले. दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगणारा माणूस ताठ मानेने बोलू शकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. आपल्या आया-आज्या कडेवर पोर घेऊन तुरुंगात गेल्या. या दुसऱ्या सत्याग्रहाच्या मागण्या आठवून पाहा. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनाला, किमान वेतन, आणि त्याच यादीत धान्याचे पुरेसे वाटप व भाववाढीला आळा. म्हणजे जमीन आणि रेशन या दोन्ही मागण्या आपल्या पुढाऱ्यांनी एका कागदावर लिहिल्या होत्या. आज आपण फक्त रेशनच्या रांगेत उभ्या आहोत आणि जमिनीची गोष्ट विसरत चाललो आहोत.

रेशन हा हक्क आहे, तो कोणाचा उपकार नाही, हे आधी मनावर कोरून ठेवा. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. १ फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला आणि राज्यातील सुमारे ७ कोटी लोक त्यात आले. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. २०२० च्या टाळेबंदीत हाताला काम नव्हते, तेव्हा याच धान्याने आपल्या चुली पेटत्या ठेवल्या. म्हणून कोणी म्हणाले की रेशन बंद करून खात्यात पैसे टाकू, तर दहा वेळा विचार करा. पैसा संसाराच्या शंभर वाटांनी जातो. दाणा मात्र पोटातच जातो.

पण एक गोष्ट खरी. या कायद्यात तांदूळ आणि गहू यांच्या जोडीने भरड धान्यही लिहिलेले आहे. प्रत्यक्षात आपल्या पिशवीत पडतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. काही जिल्ह्यांत कधीमधी ज्वारी आली तर आली. धान्य दूरच्या गोदामातून ट्रकने येते. ट्रक उशिरा आला की चूल थांबते. आणि जी ज्वारी, बाजरी, नाचणी आपल्या कोरडवाहू मातीत पिकते, तिला सरकारी घेणेकरी भरवशाचा नाही. मग शेतकरी सोयाबीन, कापूस, ऊस पेरतो. महाराष्ट्रातले ज्वारीचे क्षेत्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत निम्म्याहूनही खाली आले. ज्वारी गेली तशी बाईची निंदणी-खुरपणी गेली, काढणीची मजुरी धान्यात मिळायची ती गेली आणि जनावरांचा कडबाही गेला. गरिबाची भाकरी आता पोळीपेक्षा महाग झाली आहे!

जहीराबादच्या बाया

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले, उमरगा आणि हुमनाबाद ओलांडले की जहीराबाद लागते. हा पूर्वीच्या मेदक जिल्ह्याचा भाग, आता तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात आहे. आपला मराठवाडा आणि हा मुलूख १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. माती तशीच कोरडी, पाऊस तसाच लहरी, भाकरीही ज्वारीचीच. आणि आपल्या माणसांचे हालही तेच.

तिथल्या दलित कुटुंबांना सरकारी वाटपात एक-दोन एकर जमिनी मिळाल्या होत्या. पण कशा? माळाच्या, मुरमाड, कोणाला नको असलेल्या. बैल नाही, बी नाही, शेणखत नाही. त्यामुळे जमीन नावावर आणि पाय मालकाच्या शेतावर, अशी अवस्था. त्यातच १९८३ साली आंध्र सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ द्यायला सुरुवात केली. उपाशी माणसाला त्याचा आधार झाला, हे नाकारता येणार नाही. पण तो तांदूळ पाण्याखालच्या मुलखातला. घरात तांदूळ स्वस्त आला, ज्वारीला विचारणारे कोणी राहिले नाही, आणि माळाच्या जमिनी आणखीच पडीक पडल्या.

त्याच १९८३ साली पस्तापूर या गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था सुरू झाली. पी. व्ही. सतीश हे तिचे एक संस्थापक. मार्च २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेने गावोगाव बायांचे 'संघम' उभे केले. 'संघम' म्हणजे आपला संघच की! या संघमातल्या बाया बहुतेक दलित, भूमिहीन नाहीतर एक-दोन एकरवाल्या, आणि पुष्कळशा निरक्षर. पुढे सुमारे ७५ गावांत असे संघम पसरले.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला या बायांनी तीसेक गावांत एक काम हाती घेतले. केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास खात्याचे साहाय्य मिळाले. काम असे होते. ज्याची जमीन पडीक आहे त्याला नांगरट, शेणखत, पेरणी, खुरपणी यासाठी संघमने टप्प्याटप्प्याने कर्ज द्यायचे. पैसे एकदम हातात नाहीत. आधीचे काम शेतात दिसले की पुढचा हप्ता. आणि फेड पैशात नाही, ज्वारीत! दर सुगीला ठरलेली ज्वारी गावाच्या सामुदायिक धान्यकोषात घालायची, अशी काही वर्षे. या पद्धतीने अडीच हजार एकरांहून जास्त पडीक जमीन पिकाखाली आली. गावात मजुरी निर्माण झाली, वैरण झाली, आणि गावातच कणगी भरली.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे धान्य कोणाला द्यायचे? तहसीलच्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता. यादीत कोणाकोणाची नावे घुसतात हे आपणही जाणतो. म्हणून त्यांनी सारा गाव एका जागी बोलावला. जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला आणि एकेक घर मांडले. या घरात कमावणारा आहे का? जमीन आहे का? बाई एकटी आहे का? पोरे कामाला जातात की शाळेत? सर्वांसमक्ष, मोठ्याने बोलून ठरले. जे घर सर्वांत गरीब, त्याला सर्वांत जास्त ज्वारी. पावसाळ्याच्या कडकीच्या महिन्यांत ती बाजारापेक्षा फार कमी भावाने दिली गेली. जे पैसे जमले ते पुन्हा कर्जाऊ फिरले.

विचार करा भगिनींनो. ज्या बाईला काल वाड्याच्या अंगणात बसवून ठेवत होते, तीच आज गावाच्या कणगीची राखणदार झाली. गावातल्या इतर समाजाच्या गरिबालाही तिच्याकडून धान्य मिळू लागले. तिने कोणाला अंगणात ताटकळत ठेवले नाही.

या बायांनी बीसुद्धा आपल्या हाती ठेवले. ज्वारी, तूर, मूग, उडीद, राळा, तीळ, जवस अशी कितीतरी पिके एकाच शेतात मिसळून पेरायची. एक गेले तरी दुसरे हाती लागते. बी टोपलीत राख आणि लिंबाचा पाला घालून, वरून माती-शेणाने लिंपून ठेवायचे. ज्याला बी हवे त्याला द्यायचे, आणि सुगीला त्याने परत आणून घालायचे. पाण्यावाचून आणि औषधावाचून येणाऱ्या या पिकांना त्या 'सत्याची पिके' म्हणतात. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास बैलगाड्या सजवून, त्यात बियाणे मांडून, गावोगाव मिरवत नेतात. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर गावी त्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्रही सुरू केले. दलित बाया स्वतः माइकसमोर बसून पेरणी, बी, आजारपण, गाणी यांचे कार्यक्रम करू लागल्या. २०२० च्या टाळेबंदीत याच बायांनी आपल्या घरच्या धान्यातून वाटा काढून गरजूंना दिला. घेणारे हात देणारे झाले ते असे.

शंका येणारच

कोणी भाऊ विचारतील, "बाबासाहेबांनी तर आपल्याला खेडे सोडून शहरात जा म्हणून सांगितले. खेडे म्हणजे जातीचा उकिरडा. तुम्ही पुन्हा गावाकडच्या भाकरीची गाणी काय गाता?"

प्रश्न रास्त आहे. गावात पिकले, गावात खाल्ले एवढ्याने आपले भले होत नाही. आजींच्या सासूच्या काळात सगळे धान्य गावातलेच होते, तरी ती टोपले घेऊन उभी होती. गावगाड्यात आपल्या वाट्याला बलुतं आले, खळ्यावरचे मातेरे आले. म्हणून 'स्थानिक अन्न', 'लोकसहभाग' असे गोड शब्द कोणी बोलू लागले की आपण एवढेच विचारायचे : समितीत कोण आहे? हिशेबाची वही कोणाकडे आहे? कणगी कोणाच्या दारात आहे?

हा नुसता संशय नाही. अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी सहकाऱ्यासह २००५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. पाच राज्यांतील पाचशेहून अधिक गावांत रेशन दुकान आणि शाळेतला आहार यांत दलितांशी कसा भेदभाव होतो, हे त्यात आले. दुकान किंवा आहाराचे ठिकाण दलित वस्तीत असले, चालवणारे आपले असले, की हक्काचे पदरात पडणे सोपे जाते, हेही त्यातून दिसले. जहीराबादचे यश ज्वारीचे आहेच, पण त्याहून अधिक ते बायांच्या हाती कारभार आल्याचे आहे.

गावापासून राज्यापर्यंत

आता दुसरी शंका. तीस-चाळीस गावांत झाले, पण राज्याचे काय? खरे आहे. जहीराबादचा प्रयोग सगळ्या आंध्रात पसरला नाही. संस्था कितीही चांगली असली तरी राज्य चालवू शकत नाही. त्यासाठी सरकारनेच हात घालावा लागतो.

ओडिशात तसे झाले. २०१७ साली तिथल्या सरकारने ७ जिल्ह्यांतील ३० तालुक्यांएवढ्या गटांत भरड धान्याची मोहीम सुरू केली. सरकारी खाते, सामाजिक संस्था, अभ्यासक आणि बायांचे बचत गट असे चौघे एकत्र बसले. नाचणीला तिकडे मंडिया म्हणतात. आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी हमीभावाने विकत घेतली, त्यातली काही रेशनवर दिली, काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. लाडू वळणारे हात बचत गटांचे. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले, बाईला काम मिळाले, पोराला सकस खाऊ मिळाला. मोहीम पुढे राज्यभर वाढत गेली. घेणेकरी पक्का असला की पेरणारा आपोआप पुढे येतो, एवढे साधे गणित आहे.

आपल्याकडे हे होऊ शकते का? कायदा आडवा येत नाही, उलट वाट दाखवतो. अन्न सुरक्षा कायद्याचे कलम १२ कोणाकडून तरी वाचून घ्या. रेशन दुकान देताना पंचायत, बचत गट, सहकारी संस्था यांना प्राधान्य द्यावे, दुकानाचा कारभार बायांच्या गटाकडे असावा, धान्यात विविधता आणावी, आणि स्थानिक वाटपाच्या पद्धतींना व धान्य बँकांना साहाय्य करावे, असे त्यात म्हटले आहे. धान्य बँक म्हणजे आपली कणगीच! कायद्याने ती मान्य केली आहे. मागायला मात्र आपण गेलो नाही.

आपल्या महिला मंडळाने काय करावे?

१) कार्ड तपासा. कलम १३ प्रमाणे घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठी बाई ही कार्डावर कुटुंबप्रमुख असते. सून, नातवंडे यांची नावे चढली का, हे विहारात एकत्र बसून पाहा. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलींनी अर्ज भरून द्यावेत.

२) दक्षता समितीत बसा. कलम २९ प्रमाणे या समितीत अनुसूचित जाती आणि स्त्रिया यांना प्रतिनिधित्व आहे. तुमच्या गावात, वॉर्डात समितीवर आपल्यातली कोण आहे, ते विचारा. कागदावर नाव आणि सभेला कधीच बोलावणे नाही, असे होऊ देऊ नका.

३) शाळेचा आहार. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये आदेश दिला की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्यावे. आपली बाई शिजवते म्हणून कोणी नाक मुरडत असेल तर गप्प बसू नका. त्या पातेल्यात शिजते ते फक्त अन्न नाही, समतेचा धडा आहे.

४) विहाराची कणगी. यंदाच्या सुगीपासून सुरू करा. तीस घरांनी प्रत्येकी १० किलो ज्वारी किंवा बाजरी घातली तर ३ क्विंटल होते. त्यातून पाच अडलेल्या घरांना पावसाळ्याचे तीन महिने दरमहा २० किलो देता येते. जेवढे नेले तेवढेच सुगीला परत. सवाई-दिडी नको. वही एकीकडे, किल्ली दुसरीकडे, आणि दर वर्षावासाला दोघी बदलायच्या. कोणाला द्यायचे ते सर्वांसमोर ठरवायचे. घेणाऱ्या घराचा मान मात्र राखायचा.

५) शहरातल्या भगिनींनी. चाळीत शेत कुठून आणणार? पण मंडळातल्या वीस घरांनी माघ-फाल्गुनात एकत्र ज्वारी-तूर घेतली, आणि ती गावाकडे गायरान कसणाऱ्या आपल्याच बायांकडून घेतली, तर मधला दलाल जातो. तिला भाव मिळतो, तुम्हाला स्वस्त मिळते. गाव सुटले तरी गावातली माणसे सुटलेली नाहीत.

६) जमीन पडीक ठेवू नका. गायरान, माळ, वाटपातली जमीन जी काही नावावर किंवा ताब्यात आहे, ती कसा. एक एकर तरी घरच्या खाण्यापिण्याच्या धान्याला ठेवा. पडीक जमिनीवर दुसऱ्याची नजर लवकर जाते.

आळवी गावची गोष्ट तुम्ही विहारात ऐकली असेल. भगवान बुद्ध तिथे धम्मदेसना देणार होते. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत शोधत उशिरा पोहोचला, उपाशी आणि दमलेला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मग धम्म सांगितला. पोटात आग असताना उपदेश कानात शिरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. विहारात कणगी ठेवणे हे धम्माबाहेरचे काम आहे असे कोणी म्हणाले तर ही गोष्ट त्यांना सांगा.

हे सारे मी आमच्या मंडळात बोलून दाखवले. तेव्हा त्या आजीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि दहा रुपयांची नोट पुढे केली. "माझ्याकडं ज्वारी न्हाई बाई," त्या म्हणाल्या, "पर कणगीला माती-शेण लिंपायला मी येते. ते मला येतं. जलमभर दुसऱ्याच्याच लिंपल्या. एक आपली लिंपू द्या."

तुमच्या वस्तीत कोण लिंपणार, ते ठरवा. आणि सुरुवात झाली की मला जरूर कळवा.

जयभीम! नमो बुद्धाय!